गाडी पट्टी सोडून पळते तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोग्राम अडला की पडद्यावरची लाल अक्षरं पाहूनच ती खचते, ‘मला हे जमणारच नाही’ म्हणते. तिच्या सरांनी आता छोटा रोबोट करायला सांगितलाय. जिला साधा कोड जमत नाही, तिच्यावर हे आणखी ओझं कशाला?
– एक पालक, सांगली

उत्तर : करू द्या. काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी, म्हणजे लाइन फॉलोअर, हा या वाटेवरचा नेहमीचा पहिला रोबोट. गाडीच्या पोटाखाली, पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक इन्फ्रारेड सेन्सर असतो. पांढरी जमीन किरण परत पाठवते, काळी पट्टी ते शोषून घेते. डाव्या सेन्सरखाली काळं आलं तर डावं चाक थांबवायचं, उजव्याखाली आलं तर उजवं. दोन ‘जर-तर’, एवढाच प्रोग्राम.

पहिल्यांदा गाडी बहुधा पट्टी सोडून पळते. पण पट्टी डावीकडे राहिली आणि गाडी उजवीकडे वळली, हे मुलीला डोळ्यांनी दिसतं. मग चाकांच्या वायरी उलट लागल्यात, हे तिचं तीच ओळखते. लाल अक्षरं वाचताना तिला आपलीच अक्कल कमी वाटत होती. इथे चूक जमिनीवर पडलेली असते, ती वाकून उचलता येते. अशा पाच-सहा चुका स्वतः काढल्या, की पडद्यावरची एररही ती वाचू लागते.

ही कल्पना जुनी आहे. गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली आणि पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव आलं. वर्तुळ कसं काढायचं ते सुचेना, तर मूल स्वतःच चालून बघे : एक पाऊल पुढे, किंचित वळ, पुन्हा एक पाऊल. पायांना कळलेलं मग कोडमध्ये उतरे.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी लागते. मोटर थेट आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, पिनला जोडू नये. पिन देते त्याहून जास्त करंट मोटरला लागतो, म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर हवाच. बॅटरी उतरली की बोर्ड मध्येच पुन्हा सुरू होतो आणि बिचारी मुलगी निर्दोष कोड खोडत बसते. म्हणून आधी बोर्डावरचा दिवा लुकलुकवायचा, मग एकच मोटर फिरवायची, मग सेन्सरचे आकडे पडद्यावर बघायचे. गाडी त्यानंतर. सगळं एकदम जोडलं तर चूक कुठे दडलीय, ते जाणत्यालाही लवकर सापडत नाही.

आणखी एक, मला फार महत्त्वाचं वाटतं ते. चौघांत एक किट असलं की वायरी मुलगे जोडतात आणि वही मुलीकडे येते, हे अनेकदा घडतं. दुसऱ्याने चालवलेली गाडी पाहून तिची भीती जाणार नाही. सरांना भेटा आणि स्क्रूड्रायव्हर व कीबोर्ड तिच्याही हातात येईल एवढं मागून घ्या.