नवख्या गड्याची पारख

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो आमच्या मैदानावर आमचीं मुलें खेळतात तो फुटबॉल नव्हे, हें आरंभींच सांगणें अवश्य आहे. त्या खेळांत चेंडू लंबगोल असून तो बहुधा हातांतच असतो. पायाचा संबंध प्रसंगोपात्त येतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. मैदान शंभर यार्ड लांब असतें व त्याच्या दोन्ही टोकांस दहा दहा यार्डांचा एकेक पट्टा असतो; प्रतिपक्षाच्या पट्ट्यांत चेंडू नेणें हें मुख्य ध्येय. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यास चार वेळां डाव करण्याची मुभा मिळते, आणि या चार डावांत त्यानें निदान दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. एवढा एकच नियम नीट ध्यानांत ठेविला म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाहीं.

चेंडू पुढें नेण्याचे मार्ग दोन. क्वार्टरबॅक नांवाचा मुख्य गडी एक तर तो दूरच्या सोबत्याकडे फेंकतो, किंवा जवळ उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हातीं देतो व तो रनिंग बॅक चेंडू पोटाशीं धरून गर्दींतून धांवत सुटतो. त्याच्या पुढें पांच धिप्पाड गड्यांची फळी असते. ती प्रतिपक्षास रेटून वाट करून देते. पण ती वाट दोन हात रुंद, आणि ती निमिषभरच टिकते. हुतूतूंत पकडींतून निसटणारा गडी आमच्या वाचकांनीं पाहिला आहे. तसेच अकरा जण एकदम अंगावर येत आहेत व त्यांपैकीं कित्येकांचें वजन तीनशें पौंडांच्या घरांत आहे अशी कल्पना करावी, म्हणजे या कामाचें स्वरूप कळेल. प्रस्तुत लेखांत आम्हांस ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो असा : कॉलेजांतून नुकताच आलेला एखादा तरुण रनिंग बॅक धंदेवाईक खेळांत पुढें नांवास चढेल किंवा नाहीं, हें आधीं ओळखतां येतें काय, आणि येत असल्यास कशावरून?

हा प्रश्न तेथें केवळ कुतूहलाचा नाहीं. नॅशनल फुटबॉल लीगमध्यें बत्तीस संघ आहेत, आणि १९३६ सालापासून दरवर्षीं कॉलेजांतील गड्यांची वांटणी ड्राफ्ट नांवाच्या निवडींत होत आली आहे. मागील वर्षीं जो संघ सर्वांत मागें राहिला त्यास सामान्यतः पहिली निवड मिळते. हल्लीं अशा सात फेऱ्या होतात. ज्या संघानें नांव उच्चारलें तेथें गड्यानें जावयाचें. आपली आवड त्यास सांगतां येत नाहीं. तत्पूर्वीं इंडियानापोलिस शहरीं शेंकडों तरुणांस बोलावून त्यांचें वजन व उंची मोजतात, त्यांस उड्या मारावयास लावितात, सव्वादोनशें पौंडांचें वजन उताणें निजून उचलावयास सांगतात, आणि चाळीस यार्ड धांवावयास लावून घड्याळ लावितात. २००८ सालीं ख्रिस जॉन्सन नांवाच्या रनिंग बॅकनें हें अंतर ४.२४ सेकंदांत तोडिलें, व त्याची कीर्ति एका दुपारींत देशभर झाली.

आतां या शर्यतीचा अर्थ काय? अंगावर खेळाचें चिलखत नाहीं, हातांत चेंडू नाहीं, समोर पाडणारा कोणी नाहीं. शिवाय हलक्या माणसानें वेगानें धांवणें निराळें व जड माणसानें धांवणें निराळें. या दुसऱ्या आक्षेपास उत्तर म्हणून बिल बार्नवेल नांवाच्या लेखकानें २००८ सालीं एक सोपें सूत्र सुचविलें. गड्याचें पौंडांतील वजन दोनशेंनीं गुणावें व त्या गुणाकारास चाळीस यार्डांच्या वेळेच्या चतुर्थ घातानें भागावें. वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित अवश्य करून पाहावें. दोनशें पौंडांचा गडी ४.४० सेकंदांत धांवला तर उत्तर सुमारें १०६.७ येतें, दोनशें वीस पौंडांचा गडी ४.५० सेकंदांत धांवला तर सुमारें १०७.३ येतें. म्हणजे शर्यतींत जो हरला तोच येथें किंचित् पुढें ठरला. सूत्र चतुर आहे यांत संशय नाहीं. परंतु तेंही शरीराचेंच माप आहे.

शरीराच्या मापानें किती फसगत होते याचें प्रसिद्ध उदाहरण एमिट स्मिथ याचें. १९९० सालीं ड्राफ्टच्या वेळीं तो उंचीनें बेताचा आणि वेगानें मंद समजला गेला, व सोळा नांवें पुकारलीं गेल्यावर सतराव्या क्रमांकावर डॅलस संघानें त्यास घेतलें. तोच गडी कारकीर्दीच्या अखेरीस १८,३५५ यार्डांची बेरीज करून सर्वांच्या पुढें गेला. त्याजपाशीं काय होतें? जाणते लोक म्हणतात, दृष्टि. आम्हांस हा शब्द प्रथम गूढ वाटला. परंतु विचार करितां त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. चेंडू हातीं आल्यावर फळी हालूं लागते. ज्या जागीं वाट व्हावयाची असें कोचनें फळ्यावर काढून दाखविलें होतें तेथें ती होतेच असें नाहीं. कधीं ती एक माणूस डावीकडे उघडते, कधीं मागें. उतावळा गडी ठरल्या जागीं धडक देतो व आपल्याच सोबत्याच्या पाठीवर आदळतो. शाहणा गडी पहिलीं दोन तीन पावलें आवरून टाकतो, पाहतो, आणि मग एकच वळण घेऊन निघून जातो. हें आवरणें व सुटणें घड्याळ दाखवूं शकत नाहीं.

२०१२ साल या बाबतींत मोठें बोधप्रद आहे. त्या वर्षीं अलाबामाचा ट्रेंट रिचर्डसन तिसऱ्या क्रमांकावर क्लीव्हलंड संघाकडे गेला. बळ, बांधा, कॉलेजांतील नांव, सर्व कांहीं होतें. पहिल्या वर्षीं तो ९५० यार्ड धांवला, पण दर धांवेस सरासरी ३.६ यार्डच पडली. दुसऱ्या वर्षाच्या आरंभींच त्यास इंडियानापोलिसच्या संघास देऊन टाकण्यांत आलें, आणि २०१४ नंतर तो लीगच्या सामन्यांत पुन्हां दिसला नाहीं. मोकळी वाट त्यास दिसत नाहीं, हाच ठपका पाहणाऱ्यांनीं वारंवार ठेविला. त्याच ड्राफ्टांत १७३ व्या क्रमांकावर वॉशिंग्टन संघानें आल्फ्रेड मॉरिस यास घेतलें होतें. तो वेगवान् नव्हता. त्याचें कॉलेजही मोठें नव्हतें. पहिल्याच वर्षीं तो १,६१३ यार्ड धांवला. परंतु मॉरिसचें पुढें काय झालें हेंही सांगितलें पाहिजे : १,२७५, मग १,०७४, मग ७५१. मनुष्य तोच असून आंकडा असा कां उतरला, याकडे आम्ही थोड्या वेळानें येऊं.

आंकड्यांविषयीं आणखी एक गोष्ट. समजा, एका गड्याच्या दहा धांवा अशा झाल्या : १, २, ०, ३, २, १, २, ३, १ व ६०. बेरीज ७५, सरासरी साडेसात. दुसऱ्याच्या अशा : ४, ५, ४, ३, ५, ४, ६, ४, ५, ४. बेरीज ४४, सरासरी ४.४. वर्तमानपत्र पहिल्याचें चित्र छापील. परंतु चार डावांत दहा यार्ड हा नियम आठवावा. पहिला गडी दहांतून नऊ वेळां संघास अडचणींत टाकून परत येतो. दुसरा जवळजवळ प्रत्येक वेळीं पुढील काम सोपें करितो.

आम्हीं एकदां वर्गांत असा प्रयोग केला. दोन नवख्या गड्यांचें पहिल्या वर्षाचें टिपण नांवें न सांगतां फळ्यावर लिहिलें. पहिला : ३६८ धांवा, १,४८७ यार्ड. दुसरा : २९७ धांवा, १,४८७ यार्ड. बेरीज अगदीं एकच, हा योगायोग आहे. आम्हीं रचलेला नाहीं. सरासरी पहिल्याची चार, दुसऱ्याची पांच. कोणास घ्याल असें विचारतांच बहुतेकांनीं दुसऱ्यासाठीं हात वर केले. मागच्या बांकावरील एका मुलानें मात्र हात न उचलतां विचारलें, "गुरुजी, दुसऱ्याच्या जागीं आणखी कोणी धांवला असता तर त्यास किती मिळाले असते?" तो मुलगा गणितांत दरवर्षीं काठावर सुटतो, आणि आम्हीं त्यास मंद म्हणून सोडून दिलें होतें. त्याचा प्रश्न ऐकून आम्हांस क्षणभर फळ्याकडे तोंड फिरवावें लागलें.

कारण खरें मर्म तेंच होतें. पहिला गडी न्यू इंग्लंडचा कर्टिस मार्टिन, साल १९९५. दुसरा डेन्व्हरचा माइक अँडरसन, साल २०००. आतां डेन्व्हरच्या त्याच जागीं इतर कोण धांवले तें पाहावें. १९९९ सालीं ओलँडिस गॅरी हा नवखा १,१५९ यार्ड धांवला. २००२ सालीं क्लिंटन पोर्टिस हा नवखा १,५०८ धांवला. गडी बदलले तरी आंकडा मोठाच राहिला. तेव्हां त्यांतील कांहीं भाग माइक शानाहन या कोचच्या पद्धतीचा व फळीचा होता हें उघड आहे. हेच शानाहन २०१२ सालीं वॉशिंग्टनला मॉरिसचे कोच होते, आणि २०१३ च्या अखेरीस ते तेथून गेले. शिवाय अँडरसन आधीं चार वर्षें सैन्यांत असल्यामुळें नवखा असतांनाच सत्तावीस वर्षांचा होता, आणि रनिंग बॅकचे गुडघे व घोटे त्या वयापासून उतरणीस लागतात. त्याच्या बाजूनें हेंही बोललें पाहिजे कीं पुढें त्यास दुसऱ्या कामावर घातलें गेलें व धांवण्याची संधि कमी मिळाली. तरी २००५ सालीं त्यानें पुन्हां एकदां हजारांचा आंकडा ओलांडला. मार्टिन मात्र बावीस वर्षांचा होता. तो १४,१०१ यार्डांपर्यंत पोहोंचला.

पारख करणारानें दोष दोन प्रकारचे मानावे, शिकवून जाणारे व न जाणारे. चेंडू हातून सुटणें हा मोठा दोष. पण तो पुष्कळदां धरण्याच्या रीतीचा असतो. न्यूयॉर्कचा टिकी बार्बर यामुळें बदनाम होता. २००४ सालीं टॉम कॉफलिन कोच म्हणून आले व चेंडू उंच, छातीशीं घट्ट धरण्याची संवय त्यास लाविली गेली. चेंडू सुटणें फार कमी झालें, आणि २००५ सालीं तो १,८६० यार्ड धांवला. तसेंच, क्वार्टरबॅक चेंडू फेंकीत असतां त्याच्यावर चाल करून येणाऱ्यास अडविणें, हें कामही रनिंग बॅककडे असतें. कॉलेजांत तें क्वचितच नीट शिकवितात, व त्यावांचून कोच नवख्यास मैदानांत फार वेळ ठेवीत नाहीं. इच्छा असलेला गडी तें शिकतो. वाट दिसणें मात्र शिकवून येतें असें आम्हांस आढळलें नाहीं.

चुकीच्या पारखीची किंमत कोण देतो? संघास पुढील वर्षीं दुसरी निवड मिळते. गड्यास तारुण्य दुसऱ्यांदा मिळत नाहीं. २०११ पासूनच्या नियमान्वयें निवडलेल्या गड्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरींतील असल्यास संघ पांचवें वर्षही मागूं शकतो. म्हणजे पायांत बळ असतें तीं वर्षें ठरल्या वेतनांत जातात, व मोकळा झाला कीं त्यास वयस्क म्हणतात. सॅक्वॉन बार्कली २०१८ सालीं दुसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. २०२३ सालीं तो तेथें ९६२ यार्ड धांवला व संघानें त्यास जाऊं दिलें. पुढच्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या भक्कम फळीमागें तो २,००५ यार्ड धांवला.

शेवटीं १९९५ च्या ड्राफ्टाकडे परत जाऊं, कारण मार्टिन ज्या वर्षीं तिसऱ्या फेरींत, ७४ व्या क्रमांकावर मिळाला, त्याच वर्षींच्या या आणखी दोन गोष्टी. साऱ्या देशांतून पहिलें नांव पुकारलें गेलें तें की-जाना कार्टर या रनिंग बॅकचें. सरावाच्या पहिल्याच सामन्यांत, तिसऱ्या धांवेस, त्याचा गुडघा फाटला व तें सबंध वर्ष गेलें. यांत पारख करणाराचा दोष नाहीं, कार्टरचाही नाहीं. त्याच ड्राफ्टांत १९६ वें नांव टेरेल डेव्हिस याचें होतें. डेन्व्हर संघ सरावाच्या सामन्यासाठीं जपानांत टोकियो येथें गेला असतां, आपणांस येथें कोणी विचारीत नाहीं, तेव्हां निघून घरीं जावें, असें त्याच्या मनांत आलें होतें, हें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. त्या सामन्यांत उत्तरार्धीं त्यास चेंडू घेऊन धांवावयास नव्हे, तर प्रतिपक्षाच्या धांवणाऱ्यास अडवावयास पाठविलें. त्यानें त्या गड्यास असें कांहीं आडवें केलें कीं कोच मंडळींनीं त्याचें नांव विचारलें. त्या वर्षीं डेव्हिस १,११७ यार्ड धांवला. १९९८ सालीं २,००८ धांवला. १९९९ सालीं त्याचाही गुडघा गेला. कार्टर पुढें पुष्कळ वर्षें चिकाटीनें खेळत राहिला, आणि त्याच्या साऱ्या कारकीर्दीची बेरीज १,१४४ यार्ड भरली.