तारुण्याची कुपी आणि व्यापाऱ्याची पारख

कतारगामच्या हिऱ्याच्या बाजारात खडा एका नजरेवर कोणी घेत नाही. भिंग लावून तो पाहिला जातो, दुसऱ्या जाणत्याच्या हाती दिला जातो, आणि मगच त्याचे मोल ठरते. हीच सावधगिरी आपण औषधांच्या बाबतीत बाळगतो काय? वार्धक्य दूर सारणारी म्हणून ‘फिसेटिन’ या वनस्पतिज द्रव्याची कुपी सध्या विकली जाते. तिची पारख येथे करावयाची आहे.

माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत सुमारे 50 वेळा विभागून थांबतात, असे हेफ्लिक व मूरहेड या शास्त्रज्ञांनी 1961 साली दाखविले. अशा थकलेल्या काही पेशी मरत नाहीत. त्या शरीरात पडून राहतात व दाह उत्पन्न करणारी द्रव्ये स्रवतात. कोठारातील कुजका माल शेजारच्या चांगल्या मालास बिघडवितो, तसाच हा प्रकार होय. हा माल बाहेर काढावा, हा या औषधामागील विचार.

2018 साली अमेरिकन संशोधकांनी 10 वनस्पतिज द्रव्ये तपासली. त्यांत फिसेटिन सर्वांत प्रभावी ठरले आणि वृद्ध उंदरांचे आयुष्य वाढल्याचेही आढळले. परंतु 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी केलेल्या दुसऱ्या परीक्षेत उंदरांचे आयुष्य लक्षणीय वाढले नाही. माणसाचे आयुष्य त्याने वाढते, हे तर अद्याप सिद्ध झालेले नाही.

‘मग स्ट्रॉबेरीच खावी’ असे कोणी म्हणेल. हे द्रव्य तीत इतर फळांहून अधिक, म्हणजे किलोमागे सुमारे 160 मिलिग्रॅम असते. मानवी चाचण्यांत शरीराच्या दर किलो वजनास 20 मिलिग्रॅम अशी मात्रा योजिली गेली आहे. 60 किलो वजनाच्या गृहस्थास एका दिवसाचे 1200 मिलिग्रॅम हवेत. म्हणजे महाबळेश्वरची साडेसात किलो स्ट्रॉबेरी! फळ अवश्य खावे, पण फळ म्हणून.

आपल्या समाजास आणखी एक गोष्ट पाहणे अगत्याचे आहे. द्रव्य वनस्पतीचे असले तरी कुपीचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेले असते. वेष्टनावरील हिरवी खूण पाहिल्यावाचून ती घरात आणू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर डॉक्टरांस विचारल्यावाचून असे काही घेऊच नये.

संशोधन चालू आहे; उद्या खडा अस्सलही ठरेल. तोवर त्याचे मोल हिऱ्याच्या भावाने मोजू नये, हीच खरी व्यापारी पारख.