आधी पाणसळ, मग लेन्स

भाचेबुवा, मोनोरेल घेतलास हे बरं केलंस. लोक म्हणतील, हा स्टुडिओतला कॅमेरा, गडावर न्यायचा तर घडीचा लाकडी घ्यावा. वजनाचं ते बरोबरच बोलतात. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात फोटो काढायचे कशाचे? नळदुर्गची तटबंदी, परंड्याचे बुरूज, तेरचं त्रिविक्रम मंदिर. भिंती उंच आणि मागे सरकायला जागा कमी. तिथं घडीच्या कॅमेऱ्याची हालचाल लवकर संपते. कार्ल कोखनं 1948 साली स्वित्झर्लंडात सिनार काढला तो याच हालचालींसाठी: एक दांडा, त्यावर दोन चौकटी, मधे बेलोज, आणि दोन्ही चौकटी हव्या तशा वर-खाली, डावी-उजवीकडे, तिरप्या होतात.

पहिली गोष्ट, तिपाई लावली की सगळं शून्यावर आण. मग पाणसळ लाव, दांड्यालाही आणि मागच्या चौकटीलाही. गवंडी भिंत ओळंब्यात आहे का बघतो, तशी तुझी घासलेली काच ओळंब्यात पाहिजे. काच भिंतीला समांतर असेल तर भिंत फोटोत सरळ उभी राहते. कॅमेरा वर तोंड करून बसला की बुरूज मागं कलतो, आणि ते नंतर सुधारणं कठीण जातं.

नळदुर्गच्या उपळी बुरुजाचा माथा काचेत येत नाही? कॅमेरा वर करू नकोस, पुढची चौकट वर उचल. ती किती उचलता येते हे लेन्सच्या वर्तुळावर ठरतं. चार बाय पाचच्या फिल्मचा कर्ण सुमारे 154 मिमी. 90 मिमी एफ 8 सुपर अँग्युलॉनचं वर्तुळ एफ 22 ला 216 मिमी, म्हणजे आडव्या फिल्मवर चाळीसेक मिमी उचलता येते. त्यापुढं कोपरे काळे पडतात. ते आधीच ओळखायचं: काचेचे चारही कोपरे कापलेले असतात, त्या फटीतून थेट लेन्सकडं बघ. अ‍ॅपर्चर गोल दिसलं तर ठीक, लिंबाच्या फाकेसारखं दिसलं तर चौकट खाली आण किंवा अ‍ॅपर्चर आणखी बंद कर. हे बघायचं ते अ‍ॅपर्चर काम करण्याच्या आकड्यावर आणूनच. उघड्या अ‍ॅपर्चरवर बघून पुढं गेलास तर उगीच घाबरशील.

उचलणं संपलं आणि माथा अजून बाहेरच असेल, तर दांड्यालाच वर तोंड दे आणि दोन्ही चौकटी पुन्हा ओळंब्यात आण. मोनोरेलची खरी मजा यात आहे. एक लक्षात ठेव, 90 च्या लेन्सला नेहमीचे चुण्यांचे बेलोज दाबले जाऊन अडकतात, हालचालीला जागा राहत नाही. पिशवीचे बेलोज सोबत ने, नाहीतर ती लेन्स घरीच ठेव.

टिल्टच्या नादी मात्र फार लागू नकोस. नवा माणूस कॅमेरा हातात आला की आधी पुढची चौकट कलवतो. टिल्ट जमिनीसाठी आहे. बालाघाटाच्या माथ्यावर हरभऱ्याचं शेत पायाजवळच्या झाडापासून क्षितिजापर्यंत धारदार हवं, तर दूरचं फोकसनं साध, जवळचं टिल्टनं, आणि दोन-तीनदा फिरून बघ. 150 ची लेन्स, कॅमेरा दीड मीटर उंचीवर, तर सहा अंशांच्याही आत टिल्ट पुरतो. पण नळदुर्गला बोरी नदीच्या पात्रातले खडक आणि मागं पाणी महालाची भिंत एकाच चौकटीत घेत असशील, तर टिल्टनं भिंतीचा माथा अस्पष्ट होईल. तिथं टिल्ट शून्यावर, अ‍ॅपर्चर एफ 22 किंवा 32. पंचेचाळीसच्या पुढं गेलास तर सगळ्याच गोष्टी थोड्या मऊ होतात.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती आहेत, बोटभर लांबीच्या. तसली वस्तू परवानगी काढून टिपायची झाली, तर बेलोज लांब ओढावे लागतात आणि प्रकाश कमी पोचतो. शिंप्याची फीत खिशात ठेव. 150 च्या लेन्सपासून काचेपर्यंत 21 सेंटिमीटर झालं की एक स्टॉप, 30 झालं की दोन स्टॉप वाढव.

धाराशिवच्या लेण्यांत वेगळी गोष्ट. तिथं अंधारात एक्स्पोजर लांबतं, आणि मीटरनं सांगितलेला वेळ फिल्मला पुरत नाही. एचपी 5 फिल्मसाठी मीटर 10 सेकंद म्हणेल तिथं 20 धर, 30 म्हणेल तिथं जवळजवळ 86.

आता क्रम, हा मोडायचा नाही. फोकस, अ‍ॅपर्चर, मग लेन्सची झडप बंद. झडप बंद झाली हे समोर जाऊन डोळ्यांनी बघायचं. मग शटर ताणायचं, फिल्मचा होल्डर घालायचा, मगच डार्क स्लाइड ओढायची. फोटो झाला की स्लाइडची काळी बाजू बाहेर करून आत सार. पांढरी बाजू म्हणजे कोरी फिल्म. होल्डरचा नंबर, लेन्स, वेळ लगेच वहीत.

काळा कपडा बाहेरून पांढरा असलेला शिवून घे. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्याखाली डोकं घातलंस तर दोन मिनिटांत चक्कर येईल. वारा असेल तर थांब, बेलोज शिडासारखे फुगतात. होल्डर गाडीच्या टाकीवर किंवा डिकीत तापू देऊ नकोस, पांढऱ्या कापडात गुंडाळून सावलीत ठेव.

आणि धूळ. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ होल्डरच्या मखमलीत शिरली की फिल्मवर ठिपके ठरलेले. दर वेळी मऊ ब्रशनं होल्डर झाड, फिल्म रात्री न्हाणीत भर, आधी भिंतींवर आणि फरशीवर पाणी शिंपड, धूळ बसली की दार लाव. फिल्म उभी धरून कोपऱ्यातली खाच उजव्या हाताच्या वरच्या बाजूला आली की इमल्शन तुझ्याकडं. फक्त कडांना धर.

डेव्हलप करताना उन्हाळ्यात नळाचं पाणी तिशीच्या वर जातं. 20 अंश पाहिजे. बर्फ थेट रसायनात टाकायचा नाही, पिशवीत बांधून बाहेरच्या घमेल्यातल्या पाण्यात ठेवायचा आणि ट्रे त्यात. पाणी कितीही थंड केलं तरी 24 च्या खाली येत नसेल तर वेळ कमी कर, पण पाच मिनिटांच्या खाली नको, आभाळात पट्टे पडतात. त्यापेक्षा फिल्म बंद डब्यात ठेवून दे आणि पहाटे उठ.