उद्यानातील आकाशदर्शनास तिथी कोणती?

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या उद्यानात मुलाबाळांसह कुटुंबांसाठी आकाशदर्शन योजावयाचे आहे. पौर्णिमेची रात्र घ्यावी काय?

उत्तर : पौर्णिमा कटाक्षाने टाळावी; कारण त्या रात्री चंद्रावर सूर्यप्रकाश समोरून पडत असल्याने तेथील विवरांच्या छाया लोप पावतात आणि मंद तारेही चांदण्यात बुडून जातात. मला माघ शुद्ध अष्टमीचा सुमार सर्वांत इष्ट वाटतो : अर्धचंद्रावरील प्रकाश व अंधार यांच्या सीमारेषेवर विवरांचे काठ दुर्बिणीतून इतके उठावदार दिसतात की, एकदा डोळा लावलेले लहान मूल सहसा जागा सोडीत नाही. तेव्हा तिन्हीसांजेनंतर मृग नक्षत्रही उंच असते. त्याच्या मध्यातील तीन ताऱ्यांची रेषा एका बाजूस वाढविली असता व्याध, दुसऱ्या बाजूस रोहिणी सापडते, आणि त्यास दुर्बिणीची जरूर नाही.

परंतु खरा बंदोबस्त दिव्यांचा करावा. डोळे अंधारास सरावण्यास किमान 20 मिनिटे लागतात. यास्तव नगरपालिकेकडे आगाऊ अर्ज करून उद्यानातील दिवे मालविण्याची मंजुरी घ्यावी, विजेऱ्यांना तांबडा जिलेटीन कागद लावावा, आणि मुलांसाठी दुर्बिणीपाशी एक भक्कम चौरंग अवश्य ठेवावा.