फीडर तुटतो तेव्हा

पाण्याची पाळी चालू असताना मोटार एकाएकी थांबली की आपण वीज कंपनीला बोल लावतो. पुष्कळदा तो रास्तही असतो. पण कधी कधी आपला फीडर मुद्दाम तोडलेला असतो.

आपल्या विजेची लय सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. जितका वापर तितकीच निर्मिती त्याच क्षणी व्हावी लागते. एखादे मोठे केंद्र बंद पडले की उरलेल्या जनित्रांवर ओझे येते, आणि चढणीला लागलेल्या बैलजोडीप्रमाणे त्यांची गती मंदावते. लय फार उतरली तर जनित्रे स्वतःच्या बचावासाठी एकामागून एक सुटत जातात व सारा मुलूख अंधारात जातो. म्हणून उपकेंद्रांत रिले बसवलेले असतात. लय ठरलेल्या पायरीखाली येताच ते कोणाला न विचारता काही फीडर तोडतात. आणखी उतरली तर आणखी काही.

३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही त्यात सापडले. हे रिले खरोखर चालतात याची खात्री करावी, अशी शिफारस चौकशी समितीने केली. हैदराबादला तेव्हा झळ लागली नाही, कारण दक्षिणेचे जाळे बाकी देशाशी एका लयीत जोडलेले नव्हते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने ते जोडले गेले. तेव्हापासून दूरची मदत येते, तसा दूरचा धक्काही येतो.

वीज परत येते तो क्षण मात्र आपल्या हातातला. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. ऑटो-स्टार्टर असले तर गावातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, दाब कोसळतो, आणि डीपी नाहीतर मोटारीची गुंडाळी जळते. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज मिळू लागली, तेव्हा ऑटो-स्टार्टर काढून टाकण्याचा आग्रह धरला गेला. भूजलाचा बेसुमार उपसा थांबावा, हाही त्यात हेतू होता. सोय सोडणे जिवावर येते खरे, पण नवी गुंडाळी भरण्याचा खर्च आठवावा.

वीज आल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, शेजाऱ्यांशी ठरवून पाळीपाळीने मोटारी लावाव्यात. तिन्ही फेज आहेत ना, हे आधी पाहावे. दोनच फेजवर मोटार घुमते, तापते आणि जळते. कपॅसिटर जोडलेला असल्यास वाहिनीवरचा भार हलका होतो.

वीज गेलेली असताना तारेला, फ्यूजला वा डीपीला हात लावू नये. रिलेने तोडलेला फीडर केव्हा जोडला जाईल, याची सूचना बांधावर कोणी देत नाही.