संशोधनातील हितसंबंध आणि ज्ञानाचे स्वरूप

संशोधकाचे हेतू हा बहुधा नैतिकतेचा विषय मानला जातो. वस्तुतः निष्कर्ष पुराव्याने सिद्ध होत असेल, तर तो जिज्ञासेपोटी काढला की बढतीसाठी, हा प्रश्न गौण ठरतो. हेतूंचा व संबंधांचा खरा प्रभाव अन्यत्र पडतो : कोणता प्रश्न हाती घेतला जातो आणि कोणते मत तपासावाचून राहते, यांवर. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

रॉबर्ट मर्टन यांनी १९४२ मध्ये निःस्वार्थता व संघटित संशयवृत्ती यांची गणना विज्ञानव्यवहाराच्या मूल्यांत केली. ही मूल्ये व्यक्तीच्या सज्जनपणापेक्षा परस्परांचे काम तपासण्याच्या संस्थात्मक रीतीवर टिकतात, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म होय. पिएर बोर्द्यू यांनी 'होमो अकॅडेमिकस' (१९८४) या ग्रंथात फ्रेंच विद्यापीठांतील नेमणुका व प्रबंध यांवरील सत्ता आणि विद्वत्तेची प्रतिष्ठा यांत भेद केला. यांतील पहिली सत्ता उमेदवाराच्या प्रतीक्षेवर पोसली जाते.

मराठी संशोधनाच्या संदर्भात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील गुणतक्ता उद्बोधक आहे. भाषाविषयक तज्ज्ञ-परीक्षित लेखाला १० गुण, पीएच.डी. मिळविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाला १० गुण आणि राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या संपादित ग्रंथाला मात्र ८ गुण ठरविण्यात आले. वि. भि. कोलते संपादित 'लीळाचरित्र' (१९७८) या जातीचे संहितासंपादन आणि चर्चासत्रातील निबंधांचे संकलन ही दोन्ही कामे त्यामुळे एकाच रकान्यात पडतात. हस्तलिखितांचे पाठभेद जुळविण्यात वर्षे खर्ची घालणे तरुण अध्यापकाने टाळले, तर त्यात त्याचा दोष थोडाच आहे.

संबंधांचे कार्य याहून सूक्ष्म असते. आजचा मार्गदर्शक हाच उद्या निवड समितीचा तज्ज्ञ असू शकतो. म्हणून त्याच्या मताचे खंडन मनात असूनही लिहिले जात नाही. पुढे हे मौन संमती म्हणून उद्धृत होते. तथापि गुरुशिष्यसंबंध सर्वस्वी त्याज्यही नाही. मोडी वाचणे किंवा पोथीतील पाठ पारखणे हे सहवासातच आत्मसात होते.

तेव्हा हेतूंची शुद्धी करण्यापेक्षा तपासणीची व्यवस्था करणे अधिक फलदायी होय. परीक्षकांचे अहवाल प्रबंधासोबत वाचकांना उपलब्ध व्हावेत आणि संहितासंपादनाला स्वतंत्र स्थान मिळावे. खंडन करणाऱ्याचे भवितव्य ज्याचे खंडन झाले त्याच्या हाती राहील, तोवर अभ्यासविषयातील एकमताला सिद्धता मानता येणार नाही.