दूरच्या कोठडीसाठी प्रार्थना

(मंडळीत चर्चचा इतिहास शिकवणारी आत्या आणि महाविद्यालयात शिकणारा तिचा भाचा अमोल यांच्यातला हा संवाद.)

अमोल: आत्या, दर नोव्हेंबरात आपल्या मंडळीत छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थनेचा रविवार पाळतात. नायजेरिया, पाकिस्तान, उत्तर कोरिया अशी नावं वाचली जातात, सगळे डोळे मिटतात, ‘आमेन’ म्हणतात आणि घरी जातात. इथे बसून डोळे मिटल्याने तिथल्या तुरुंगाचं दार कसं उघडणार, हे मला खरंच कळत नाही.

आत्या: दार उघडेलच अशी हमी आपल्याला कुणी दिलेलीच नाही, तिथूनच सुरुवात करू. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १२वा अध्याय काढून बघ. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं आणि मग पेत्राला पकडून तुरुंगात टाकलं. मंडळी योहान मार्काच्या आईच्या घरी जमून प्रार्थना करत होती. पेत्र सुटला, त्याने येऊन दार ठोठावलं. रुदा नावाच्या मुलीने त्याचा आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच ती आत धावत गेली. त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करणाऱ्यांनी तिला वेड्यात काढलं! एकाच अध्यायात एक प्रेषित मारला जातो आणि दुसरा सुटतो. याकोबावर मंडळीचं प्रेम कमी होतं असं थोडंच आहे? लिहिणाऱ्याने दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवल्या, काही झाकलं नाही. तेव्हा प्रार्थना ही सुटकेची किल्ली आहे, असं मी तुला सांगणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. छळ करणारी सत्ता माणसाला आधी एकटं पाडते. त्याला गावापासून तोडते, खटला लांबवते आणि जग त्याला विसरेल याची वाट बघते. इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायात बंदिवानांची आठवण ठेवायला सांगितलंय, तीही जणू आपणच त्यांच्याबरोबर कैदेत आहोत अशी. ही आठवण शिस्तीने, वर्षानुवर्षं टिकवण्याचं काम प्रार्थना करते. छळणारा ज्या विसरण्यावर विसंबून असतो, ते ती घडू देत नाही.

अमोल: ऐकायला हे चांगलं वाटतं, पण एखादं उदाहरण दे. आठवणीने प्रत्यक्षात कधी काही बदललंय का?

आत्या: आसिया बीबीचं उदाहरण घे. पाकिस्तानी पंजाबातल्या इट्टनवाली गावात ही ख्रिस्ती बाई शेतमजुरी करायची. जून २००९मध्ये ती इतर बायकांबरोबर फालसे तोडत होती. उन्हात तिने प्यायला पाणी आणलं. तिच्या हातचं पाणी आम्हाला चालत नाही, असं बरोबरच्या बायका म्हणाल्या आणि तिथून बोलाचाली झाली. पंजाबातले पुष्कळ ख्रिस्ती हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींमधून आलेले आहेत. धर्म बदलला तरी विटाळ मागोमाग आलाच. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास माहीत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. काही दिवसांनी तिच्यावर मुहंमद पैगंबरांच्या निंदेचा आरोप आला. नोव्हेंबर २०१०मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली, २०१४मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि अखेर ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने साक्षींमधल्या विसंगती दाखवत तिला निर्दोष सोडलं. मधली नऊ वर्षं कोठडीत गेली. बातमी म्हणून हे प्रकरण केव्हाच शिळं झालं असतं, पण या काळात देशोदेशीच्या मंडळ्यांमध्ये तिचं नाव घेतलं जात होतं. फेब्रुवारी २०१८मध्ये रोमचं कोलोसियम छळ सोसणाऱ्यांच्या स्मरणार्थ लाल रंगात उजळलं, तेव्हा तिचा नवरा आणि मुलगी तिथे उभे होते. आपल्याला कुणी ओळखत नाही, असं त्या कुटुंबाला तरी त्या दिवशी वाटलं नसेल.

अमोल: पण तिला सोडवलं ते न्यायाधीशांनी आणि वकिलाने. फार तर परदेशांच्या दबावाने. त्याचं श्रेय प्रार्थनेला देणं म्हणजे करणाऱ्यांवर अन्यायच की.

आत्या: त्यांचं श्रेय त्यांनाच द्यायचं, त्यातलं काडीभरही काढून घ्यायचं नाही. उलट त्यांची नावंही प्रार्थनेत घ्यायची. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर तिला तुरुंगात जाऊन भेटले, तिची बाजू मांडली आणि ४ जानेवारी २०११ला त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. ते मुसलमान होते. दोन महिन्यांनी तिचीच बाजू घेणारे केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी यांचा इस्लामाबादेत खून झाला. ते ख्रिस्ती होते. तिचे वकील सैफुल मलूक मुसलमान, निकाल देणारे न्यायाधीशही मुसलमान. प्रार्थनेमुळेच ती सुटली असं सिद्ध करता येत नाही आणि तसा दावा मी करतही नाही. मी एवढंच म्हणते की नऊ वर्षं एखाद्याचा खटला लढायचा, तर त्यामागे नऊ वर्षं न थकणारी माणसं लागतात. राग महिनाभर टिकतो, सहानुभूती त्याहून कमी. दर आठवड्याला ज्याचं नाव उच्चारतो, त्याच्यासाठी पत्र लिहायला, वकिलाच्या खर्चाला हातभार लावायला, खासदाराला गाठायला माणूस केव्हातरी उठतोच. आणि इतकी वर्षं नाव घेऊनही तो उठला नाही, तर त्याने आपली प्रार्थना तपासून बघावी. याकोबाच्या पत्रात नुसत्या शब्दांनी उघड्याला वस्त्र आणि भुकेल्याला अन्न देणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केलेली आहे.

अमोल: आणि जिथे काहीच बदलत नाही तिथे? तिथेही शिस्त म्हणून नाव घेत राहायचं?

आत्या: तिथे तर जास्तच. १९ फेब्रुवारी २०१८ला ईशान्य नायजेरियातल्या दापची गावच्या शाळेतून बोको हराम या दहशतवादी संघटनेच्या एका गटाने ११० मुली पळवल्या. त्यातल्या पाच दगावल्या. बाकीच्या बहुतेकींना महिन्याभराने गावात परत आणून सोडलं. लिया शरिबू ही १४ वर्षांची ख्रिस्ती मुलगी मात्र परतली नाही. तिने धर्म सोडायला नकार दिला म्हणून तिला मागे ठेवलं, असं परतलेल्या मैत्रिणींनी सांगितलं. बाकीच्या घरी आल्यावर ही बातमी मोठी राहिली नाही. एकच मुलगी उरली, तर तिच्यासाठी मथळे कोण छापणार? तिच्या आईवडिलांना रोजचा दिवस मात्र तेवढाच मोठा आहे. इथे प्रार्थना म्हणजे त्या न सुटलेल्या प्रेषित याकोबासाठीची प्रार्थना. उत्तर दिसत नसतानाही हिशोब बंद न करणं. देव तिला विसरलेला नाही असा विश्वास आपण धरतो, तर आपण तिला विसरून कसं चालेल?

अमोल: मग एक सरळ प्रश्न. फक्त ख्रिस्ती लोकांसाठीच का? रोहिंग्या आहेत, यझिदी आहेत, पाकिस्तानातले अहमदिया आहेत. त्यांच्याकडे पाठ फिरवून आपल्यापुरतं बघणं हा संकुचितपणा नाही का?

आत्या: आपल्यापुरतं थांबलं तर नक्कीच संकुचितपणा. घरच्या आजाऱ्याचं नाव आधी ओठावर येतं, यात गैर काही नाही. शेजारच्या आजाऱ्याचं नाव कधीच आलं नाही तर गैर आहे. शिवाय वस्तुस्थितीच आपल्याला पुढे ढकलते. ऑगस्ट २०१४च्या पहिल्या आठवड्यात इराकमध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने सिंजारच्या यझिदींवर हल्ला केला आणि त्याच आठवड्यात काराकोश हे ख्रिस्ती गाव रिकामं झालं. मारणारे तेच, फक्त पळणारे वेगळे. ज्या कायद्याने आसिया बीबीला कोठडीत टाकलं, त्यात मुसलमान आणि अहमदियाही अडकतात. प्रत्येकाला आपला विश्वास धरायची किंवा सोडायची मोकळीक असावी, असं मागितल्याशिवाय ख्रिस्ती माणसाची सुटका प्रामाणिकपणे मागताच येत नाही. आकड्यांच्या बाबतीतही हाच प्रामाणिकपणा हवा. दरवर्षी १ लाख ख्रिस्ती हुतात्मे होतात, असा आकडा काही वर्षांपूर्वी फिरत होता. त्यात काँगोच्या यादवीत मेलेल्यांचा मोठा वाटा धरलेला होता. नायजेरियात बोको हरामने असंख्य मुसलमानही मारलेत आणि तिथल्या काही भागांत जमीन नि चराईची भांडणं धर्मात मिसळलेली आहेत. फुगवलेल्या आकड्यावर देवापुढे उभं राहणं मला पटत नाही. खरं दुःख पुरेसं मोठं आहे.

अमोल: शेवटची शंका. गोव्यात चर्चनेच लोकांना छळलं, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. मग छळाबद्दल बोलायचा आपल्याला काय अधिकार?

आत्या: ही शंका टाळणाऱ्याने प्रार्थनेला उभंच राहू नये. १५६० ते १८१२, मधली चारेक वर्षं सोडता, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. जुने रीतिरिवाज गुपचूप पाळल्याच्या संशयावरून बाटलेल्या हिंदूंना आणि ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांना तुरुंगात टाकलं, शिक्षा दिल्या. हे क्रुसाच्या नावाने झालं. म्हणून आपल्या प्रार्थनेत पश्चात्तापाला जागा हवी. हातात सत्ता आली की आपलेही लोक छळणारे होतात, याचं भान असलेला माणूस छळाविरुद्ध जास्त नेटाने बोलतो. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची येशूची आज्ञाही याच भानातून समजते. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि बारीपद्यात कुष्ठरुग्णांची सेवा पुढे काही वर्षं चालू ठेवली. खटला मात्र चालला, आरोपींना शिक्षा झाली. क्षमा आणि न्याय यांची तिथे एकमेकांना आडकाठी झाली नाही. ज्या प्रार्थनेतून शेजाऱ्याच्या धर्माबद्दल द्वेष घेऊन माणूस घरी जातो, ती कुठेतरी चुकलेली आहे.

अमोल: मग येत्या रविवारी मी नेमकं काय करू?

आत्या: देशांची लांबलचक यादी सोडून दे. एकच माणूस निवड. त्याची माहिती नीट वाच, खरं किती आणि ऐकीव किती ते पारखून घे. त्याचं नाव घे, त्याच्यासाठी धोका पत्करणाऱ्या परधर्मीयांचं नाव घे, त्याला कोंडणाऱ्यांचं मन वळावं म्हणून माग, आणि आपल्याच गल्लीत विश्वासापायी कुणी दबून जगत असेल, तर त्यालाही त्यात धर. मग त्या आठवड्यात त्याच्यासाठी हाताने होईल असं एक काम कर. पुढच्या नोव्हेंबरात ते नाव तुला कागद न बघता आठवलं, तर तू प्रार्थना केलीस असं मी म्हणेन.